न जाणवणारा चटका

डाव्या मांडीवर, पुढच्या बाजूला, तपकिरी-लालसर रंगाची जाळी उमटली होती. मासे धरायच्या जाळ्याला असतात तशी घरं, आणि प्रत्येक घरात त्वचेचा मूळ रंग. खाज नाही, आग नाही, दुखणं नाही. ओपीडीत समोर बसलेली मुलगी पंचविशीतली, घरून काम करणारी. सोबत आलेल्या आईला हा ‘रक्तातला दोष’ वाटत होता, शेजारच्या बाईंनी नागीण सांगितली होती आणि औषधाच्या दुकानातून आणलेलं गजकर्णाचं मलम दोन आठवडे चोळून झालं होतं. मी विचारलं, “लॅपटॉप कुठे ठेवतेस?” ती म्हणाली, “पलंगावर बसते ना, मांडीवरच.” रोज सहा-सात तास, पायांवर चादर, थंडीत गोधडी. तपासण्यांची यादी लिहायची गरजच उरली नाही.

या डागांना वैद्यकशास्त्रात ‘एरिथेमा अ‍ॅब इग्ने’ म्हणतात. लॅटिन शब्द आहेत. अर्थ सरळ, ‘विस्तवामुळे आलेली लाली’. नाव जुनं आहे, कारण आजारही जुना आहे. थंड देशांत घरातल्या शेकोटीसमोर तासन् तास बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांवर ही जाळी दिसायची. भट्टीसमोर काम करणारे पाववाले, काच फुंकणारे कारागीर यांनाही ती व्हायची. तिकडे घरं तापवायच्या आधुनिक सोयी आल्या, शेकोट्या विझल्या आणि हा आजार पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदापुरता उरला. मग लॅपटॉप आला. लॅपटॉपमुळे झालेल्या अशा डागांची पहिली नोंद २००४ सालची आहे. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथल्या आर्नोल्ड आणि इटिन या दोन डॉक्टरांनी ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात एका बारा वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली. तो काही महिने रोज काही तास मांडीवर लॅपटॉप ठेवून गेम खेळत होता. डाव्या बाजूला लॅपटॉप गरम होतो हे त्याला कळत होतं, तरी त्याने तो हलवला नाही. जाळी डाव्याच मांडीवर होती. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एक बाजू जास्त तापते, म्हणून डागही बहुधा एकाच मांडीवर येतात. निदानाला ही खूण फार उपयोगी पडते.

आपल्याकडे शेकोटी नसली तरी शेक आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून ओवा-शेपांची धुरी द्यायची पद्धत अनेक घरांत अजून आहे. कंबर धरली की ऊन पाण्याची पिशवी, पाळीच्या दिवसांत पोटावर विजेची शेकपट्टी. चुलीसमोर वर्षानुवर्षं बसलेल्या बायकांच्या नडग्याही बघाव्यात. आणि काश्मीरमध्ये कांगडी आहे. वेताच्या टोपलीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि ते फेरनच्या आत पोटाशी धरायचं. तिथे काम करणाऱ्या एल्मस्ली नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी १८६६ मध्येच लिहून ठेवलं की काश्मिरी माणसाला पोटावर आणि मांडीवर त्वचेचा कर्करोग होतो, त्याचा या कांगडीशी संबंध आहे. हा ‘कांगडी कॅन्सर’ आजही डॉक्टरांना शिकवला जातो. वर्षानुवर्षं शेकलेली त्वचा आधी जाळीदार होते, मग जाड, खरबरीत, आणि काही दशकांनंतर थोड्या लोकांत तिथे न भरणारी जखम किंवा गाठ होते.

लॅपटॉपने कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. कांगडीतले निखारे कितीतरी जास्त तापलेले असतात, आणि ती आयुष्यभराची सवय असते. परंतु त्वचेत जे घडायला सुरुवात होते ते त्याच जातीचं आहे: वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हापुन्हा रुंदावतात, त्यांच्या भिंतींना इजा होते, रक्तातला आणि त्वचेतला रंग आजूबाजूला साचतो. रक्तवाहिन्यांची ठेवणच जाळीसारखी, म्हणून डागही जाळीसारखा.

आता मुख्य मुद्दा. एवढं होईपर्यंत माणसाला कळत कसं नाही?

भाजणं म्हणजे आपल्या डोक्यात तवा, कुकरची वाफ, उकळतं तेल. हात लागला की झटका बसतो आणि आपण हात काढतो. ही सोय निसर्गाने तीव्र उष्णतेसाठी केली आहे. मंद उष्णतेसाठी ती नीट चालत नाही. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन शास्त्रज्ञांनी यावर केलेलं काम आजही प्रमाण मानलं जातं. आधी डुकरांवर आणि नंतर स्वतःहून पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून त्यांनी पाहिलं की किती तापमान किती वेळ त्वचेला लागलं तर त्वचेचा वरचा थर मरतो. ६० अंश सेल्सिअसला साधारण ५ सेकंद पुरतात. ४९ अंशाला नऊ-दहा मिनिटं. ४७ अंशाला पाऊण तास. ४५ अंशाला सुमारे तीन तास. आणि ४४ अंशाला सुमारे सहा तास. खालच्या टोकाला एक अंश कमी झाला की वेळ साधारण दुप्पट होतो.

४४ अंश म्हणजे काय, हे अंघोळीच्या पाण्यावरून सांगतो. थंडीत आपल्याला जे ‘छान कढत’ पाणी वाटतं, ते चाळिशीच्या थोडं वर असतं. म्हणजे ज्या उष्णतेला शरीर ‘बरं वाटतंय’ म्हणतं आणि ज्या उष्णतेने कातडी भाजते, त्यांच्यात फार अंतर नाही. फरक बराचसा वेळेचा आहे. वेदना जाणवायला लागते तीही साधारण ४३ ते ४५ अंशांच्या आसपास, आणि उष्णता हळूहळू वाढत गेली तर मेंदू तिला सरावतो. काम रंगात आलेलं असेल, मालिकेचा पुढचा भाग सुरू झाला असेल, तर सरावतोच. थंडीत मांडीवरचा तो गरम डबा हवाहवासा वाटतो, ही आणखी एक अडचण.

२००२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनमधल्या एका डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेलं छोटंसं पत्र आहे. पन्नास वर्षांचे एक शास्त्रज्ञ घरी खुर्चीत बसून सुमारे तासभर मांडीवरच्या लॅपटॉपवर अहवाल लिहीत होते. अंगात पँट होती, आत अंतर्वस्त्र होतं. अधूनमधून ऊब जाणवली, त्यापलीकडे काही नाही. दुसऱ्या दिवशी नाजूक जागी फोड आले. गृहस्थ शुद्धीत होते, जागे होते, मधुमेही नव्हते. कपडे भाजण्यापासून वाचवतात हा समज या एका पत्राने निकालात काढायला हरकत नाही. कपडा उष्णता उशिरा पोचू देतो, अडवत नाही.

मग लॅपटॉप इतका तापतो का? टेबलावर असताना बहुधा नाही. गादीवर किंवा पांघरुणात असताना मात्र तापतो, आणि त्याचं कारण यंत्रात कमी, गादीत जास्त आहे.

लॅपटॉप जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. नुसतं टायपिंग करताना दहा-पंधरा वॅट, भरपूर काम असेल तर चार्जरवर लिहिलेल्या ४५ किंवा ६५ वॅटपर्यंत, आणि गेमसाठीच्या मोठ्या यंत्रांत शंभराच्याही वर. जुन्या पिवळ्या दिव्यांच्या काळात साठ वॅटचा दिवा सगळ्यांच्या घरात होता. त्याला हात लावून पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी लॅपटॉपच्या तळाला बारीक फटी असतात. आतला छोटा पंखा त्यांतून थंड हवा ओढतो आणि तापलेली हवा बाजूने किंवा बिजागरीजवळून बाहेर टाकतो. तळाला चार बारीक रबरी पाय असतात. त्यांची उंची काही मिलिमीटरच; पण सगळी गंमत त्या उंचीत आहे. टेबलावर ठेवलं की त्या फटीतून हवा आत शिरते. गादीवर ठेवलं की पाय रुततात, चादर फटींना चिकटते आणि पंखा नाक दाबल्यासारखा घरघरायला लागतो. गादी, गोधडी, दुलई या सगळ्यांचं कामच मुळी ऊब धरून ठेवण्याचं. कापसाच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णता सोडत नाही, म्हणून आपण ती पांघरतो. ती आपलीही सोडत नाही आणि लॅपटॉपचीही.

काही पातळ लॅपटॉपना पंखाच नसतो. त्यांच्या बाबतीत धातूचं अंगच उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे तळ हाच बाहेरचा रस्ता. तो मांडीला टेकवला तर ती उष्णता कुठे जाणार, हे उघड आहे.

लोक म्हणतात, “तापला तर आपोआप बंद होतो की.” खरं आहे. आतली चिप साधारण ९५ ते १०० अंशांच्या घरात गेली की वेग कमी करते, आणि तरी भागलं नाही तर यंत्र बंद पडतं. पण ही व्यवस्था यंत्र वाचवण्यासाठी आहे. तुमची मांडी ४५ अंशांवर आहे की ४८, हे मोजणारं त्यात काही नाही. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत ‘मऊ पृष्ठभागावर किंवा उघड्या अंगावर ठेवून वापरू नका’ असं लिहिलेलं असतं. ती पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर जाते.

सरकारी रुग्णालयात काम करताना बधिरपणा काय करतो हे फार जवळून दिसतं. कुष्ठरोगाच्या जुन्या रुग्णांच्या बोटांवर फोड असायचे. गरम चहाचा पेला धरून ठेवलेला, आणि हाताला पत्ता नाही. कमरेखाली संवेदना गेलेल्या माणसाला प्रेमाने शेकायला घेतलेली पिशवी भोक पडल्यासारखी जखम करून जाते. आज ही जागा मधुमेहाने घेतली आहे. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बोथट होतात. आधी मुंग्या, मग ‘कापसावर चालल्यासारखं’, मग काहीच नाही. असा माणूस निवृत्तीनंतर पलंगावर पाय पसरून लॅपटॉपवर नातवंडांचे फोटो बघत असेल, चार्जर पोटरीला टेकलेला असेल, तर त्याला जाग येते ती दुसऱ्या दिवशी चादरीला लागलेल्या पाण्याने. लॅपटॉपइतकाच चार्जरचा ठोकळाही तापतो, याकडे कुणाचं लक्ष नसतं. साखर वाढलेली, रक्तपुरवठा कमी, त्यात पायाची जखम. पुढे काय होतं ते मी इथे लिहीत नाही. शस्त्रक्रिया विभागातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

बधिरपणा फक्त मधुमेहानेच येतो असं नाही. ‘बी-१२’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येतो, मणक्याच्या आजाराने येतो, पक्षाघातानंतर येतो. आणि रोजच्या आयुष्यातला बधिरपणा म्हणजे झोप. झोपेची गोळी घेतलेली किंवा दारू प्यायलेली असेल तर विचारायलाच नको. चालू लॅपटॉप पोटावर ठेवून झोप लागली, तर ४४ अंशांचे सहा तास भरायला रात्र पुरेशी आहे. लहान मुलांची त्वचा पातळ असते. तान्ह्या बाळाशेजारी गादीवर चार्जिंगला लावलेलं कुठलंही यंत्र नको, यात मला वाद घालायचा नाही.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न हमखास येतो, बहुधा दार लोटून घेतल्यावर. अंडकोष शरीराबाहेर असतात, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात शेन्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ ते ३५ वयाच्या २९ निरोगी तरुणांना तासभर मांडीवर चालू लॅपटॉप देऊन बसवलं. अंडकोषाजवळचं तापमान डावीकडे २.६ आणि उजवीकडे २.८ अंशांनी वाढलं. पण मजा अशी की लॅपटॉप नसताना नुसत्या मांड्या जुळवून बसल्यावरही ते २.१ अंशांनी वाढलं होतं. म्हणजे दोष यंत्राचा आहेच, पण त्याहून मोठा बसण्याच्या पद्धतीचा. याच गटाने २०११ मध्ये दाखवलं की मांड्या जुळवलेल्या असतील तर लॅपटॉपखाली गादीसारखा पॅड घेऊनही फारसा उपयोग होत नाही. साध्या बसण्यात अकराव्या मिनिटाला जो एक अंश वाढतो, तो पॅड घेतल्यावर चौदाव्या मिनिटाला वाढतो. या अभ्यासांनी तापमान मोजलं. ‘लॅपटॉपमुळे मूल होत नाही’ असं सिद्ध केलेलं नाही, आणि तसं कुणी सांगून महागडी औषधं विकत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. मात्र मुलासाठी प्रयत्न चालू असलेल्या जोडप्यातल्या पुरुषाला मी लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवायला सांगतो. फुकटचा उपाय आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा फरक पाहायचा तर तीन महिने तरी हवेत.

आता विस्तवाचा खरा धोका, म्हणजे बॅटरी. लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आहे. थोड्या जागेत भरपूर ऊर्जा साठवणं हा तिचा गुण, आणि बिघडली तर ती सगळी ऊर्जा एकदम सोडणं हा तिचा दोष. आत दोन ध्रुवांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. बॅटरी फार तापली, चेपली किंवा मुळातच सदोष असली तर तो निकामी होतो, आतल्या आत शॉर्टसर्किट होतं, त्याने आणखी उष्णता, आणि ती उष्णताच पुढची रासायनिक क्रिया भडकवते. २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीने बनवलेल्या लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या आग लागण्याच्या धोक्यामुळे परत मागवल्या होत्या. आज असे प्रकार विरळ आहेत, कारण बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा सुधारली आहे. पण ती यंत्रणा चांगल्या बॅटरीसाठी आणि मोकळ्या हवेसाठी आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून निम्म्या किमतीत बसवलेल्या, बीआयएस नोंदणीचं चिन्ह नसलेल्या बॅटरीसाठी आणि उशीखालच्या चार्जिंगसाठी नाही.

बॅटरी आधी इशारा देते. बोट फिरवायची पट्टी वर उचललेली दिसते, झाकण नीट बसत नाही, टेबलावर ठेवल्यावर यंत्र डुगडुगतं. याचा अर्थ आत बॅटरी फुगली आहे. त्या दिवसापासून तो लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही; अधिकृत दुरुस्ती केंद्रात द्यायचा. गोडसर, रंगाच्या दुकानासारखा वास आला, धूर दिसला, तर भिंतीवरचं बटण बंद करा, माणसांना बाहेर काढा, दार लोटून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. यंत्र हातात धरून पळू नका. फोमची गादी जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचे विषारी वायू निघतात. जाळापेक्षा धूरच आधी माणसाला आडवा करतो.

उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी चाळिशीच्या आसपास. पंखा जी ‘थंड’ हवा आत ओढतो तीच त्वचेपेक्षा गरम. अशा दुपारी टेबलावर ठेवूनही यंत्र तापतं, गादीवर तर बोलायलाच नको. जड कामं सकाळी उरकावीत. त्यावर उपाय म्हणून लॅपटॉपखाली ओला टॉवेल किंवा बर्फाची पिशवी ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. आत दव धरून यंत्र खराब होतं आणि चार्जर जोडलेला असेल तर शॉक बसू शकतो.

धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जिंग चालू असताना हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रारही बरेच जण करतात. चार्जरमधून झिरपणारा अगदी बारीक प्रवाह जमिनीकडे जायला वाट शोधत असतो. तीन पिनांचा चार्जर आणि भिंतीत खरोखरीचं अर्थिंग असेल तर त्या जात नाहीशा होतात. जुन्या चाळींत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

आता करायचं काय? ‘टेबल-खुर्चीवर बसा’ हे सांगणं सोपं आहे. दोन खोल्यांत पाच माणसं असतात, टेबल मुलाच्या अभ्यासाला लागतं, वसतिगृहात तर पलंग हेच दिवाणखाना, जेवणघर आणि कचेरी. तेव्हा पलंगावर बसणारच, हे मी गृहीत धरतो. मग घरातला पाट काढा. आपल्या पाटाला खाली दोन पट्ट्या असतात आणि वरचं लाकूड सपाट, टणक. लॅपटॉपचे रबरी पाय त्यावर नीट उभे राहतात. पाट गादीवर आणि लॅपटॉप पाटावर, इतकंच. चौरंग असेल तर आणखी चांगलं, कारण त्याखाली पाय पसरता येतात आणि मांडी व यंत्र यांच्यात हवा राहते. बाजारातलं घडीचं टेबल म्हणजे पाय फुटलेला चौरंगच. मांडीवरच घ्यायचा असेल तर मध्ये लाकडी फळी असू द्या, स्टीलचं ताट नको. स्टील उष्णता लगेच खाली पोचवतं. आणि उशी मुळीच नको. उशीने मांडी वाचते असं वाटतं खरं, पण यंत्राचं नाक पूर्ण बंद होतं.

पांघरूण कमरेपर्यंतच, लॅपटॉपवर नाही. हवा बाहेर पडते तिथे हात धरून बघा: पाच-दहा मिनिटांनी झोत लागायला हवा, तो मंद असेल आणि पंखा मात्र ओरडत असेल तर आत धूळ आणि कापसाचा कचरा साठला आहे. गादीवर वापरलेल्या यंत्रात तो लवकर साठतो, वर्षातून एकदा साफ करून घ्यावा. चार्जर फरशीवर, गादीवर नाही. एक्स्टेन्शन बोर्डही तसाच. शक्य असेल तर आधी टेबलावर चार्ज करून मग पलंगावर न्यायचा, कारण चार्ज होताना बॅटरी स्वतःही तापते. झोपताना नुसतं झाकण लावू नका. बरेच लॅपटॉप झाकणाखाली जागे होऊन काम करत राहतात आणि सकाळी पांघरुणातून निखाऱ्यासारखे निघतात. पूर्ण बंद करून पलंगाबाहेर ठेवा. मान, डोळे आणि झोप यांवर होणाऱ्या परिणामांबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी त्यात भर घालत नाही.

जाळी आधीच उमटली असेल तर घाबरू नका. उष्णता थांबवली की सुरुवातीचे लालसर डाग काही आठवड्यांत-महिन्यांत विरतात. जुने, गडद तपकिरी झालेले डाग मात्र रेंगाळतात आणि थोडे कायमही राहतात. मलमाची घाई करू नये. ‘रंग उजळणाऱ्या’ क्रीममध्ये अनेकदा स्टिरॉइड असतं, त्याने आधीच दुखावलेली कातडी आणखी पातळ होते. डागाच्या जागी गाठ, खपली किंवा महिनाभर न भरणारी जखम असेल तर तुकडा काढून तपासणं आवश्यक आहे. अशीच जाळी दोन्ही पायांवर, हातांवर सारखी दिसत असेल, थंडीत वाढत असेल, सांधे दुखत असतील किंवा पूर्वी गर्भपात झाले असतील, तर कारण लॅपटॉप नसून रक्तवाहिन्यांचा किंवा संधिवाताच्या जातीचा आजार असू शकतो. तो वेगळा तपासावा लागतो. आणि जाळी मांडीऐवजी पोटावर किंवा पाठीवर असेल तर आम्ही डॉक्टर विचारतो, इथे शेकता का, आणि कशासाठी शेकता? महिनोन् महिने शेकावं लागेल अशी वेदना स्वतःच एक लक्षण असते. अशा डागांमुळे स्वादुपिंडाचा आजार हाती लागल्याची उदाहरणं आहेत.

फोड आलाच, तर नळाच्या साध्या पाण्याची धार त्यावर वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काही नको, फोड फोडू नका. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. मधुमेह असेल तर फोड वाटाण्याएवढा असला आणि जरासुद्धा दुखत नसला तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. दुखत नसेल तर आधी दाखवा.